जुनी पाचतारी बेस गिटार घ्यावी की नवी चारतारी? (मुक्काम नागपूर)

पांढरी_पाच

नमस्कार मंडळी. मी मानेवाड्याचा. आमच्या वस्तीत भीमगीतांची पार्टी आहे. मी कोरसमध्ये गातो, अधूनमधून गिटार वाजवतो. आजवर बेसची बाजू कीबोर्डवाला दादा डाव्या हाताने सांभाळायचा. त्याला पुण्यात नोकरी लागली. नवा कीबोर्डवाला म्हणतो, मला दोन्ही हात लागतात, बेस वेगळा कोणीतरी धरा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला मनापासून आनंद झाला. हे वाद्य मला शिकायचंच होतं.

बजेट २५ हजार, ॲम्प धरून. एक पर्याय म्हणजे मोहननगरातल्या एका दादांची जुनी पाचतारी, ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) सर्किटवाली. ते चर्चमध्ये वाजवायचे, आता बोटांचे सांधे दुखतात म्हणून बंद केलंय. १४ हजार म्हणतात. बाराव्या फ्रेटच्या (दांडीवरच्या आडव्या धातूपट्टीच्या) पुढे तारा झणझणतात, बाकी आवाज भारदस्त आहे. दुसरा पर्याय नवीन चारतारी. दुकानात यामाहाची टीआरबीएक्स १७४ हाताळून आलो, हाताला छान वाटली, पण बजेटचा मोठा भाग तिच्यातच जाईल.

आमचा मुख्य गायक काळी दोनमध्ये गातो, ताई काळी पाचमध्ये. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमांपर्यंत हात बसायला हवा. काय करू?

वऱ्हाडी_ठेका

भाऊ, फोटो पाहून आन् दुसऱ्याच्या सांगन्यावरून बेस घेऊ नको. गळ्यात अडकव, अर्धा घंटा उभा राहून वाजव. पाचतारी जड असते. खांदा भरून आला तं तुले तिथंच समजते.

लकडगंज_कारागीर

माझं काम लाकडाचं, त्यामुळे मी आधी नेकच, म्हणजे तारांखालची लांब दांडीच पाहतो. जुन्या बेसमध्ये इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं तर थोडक्यात सुधारतं. नेक गेली की वाद्य गेलं.

मोहननगरला जाल तेव्हा हे करा. बेस बॉडीच्या बाजूने डोळ्यासमोर धरा आणि नेकच्या दोन्ही कडा शेवटपर्यंत पाहा. दोन्ही कडा सारख्याच वाकलेल्या दिसल्या तर घाबरायचं कारण नाही, ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या धातूच्या सळईने) ते सुधारतं. एक कड सरळ आणि दुसरी वळलेली दिसली तर नेकला पीळ पडलाय. ती घेऊच नका, फुकट दिली तरी.

मग जाड तार पहिल्या फ्रेटवर डाव्या हाताने दाबा, शेवटच्या फ्रेटवर उजव्या हाताने. मधे सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या आसपास. तुमच्या वर्णनावरून तिथे फट जास्त असणार. नेक पुढे झुकली आणि कोणीतरी ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) कमी करायला ब्रिजचे सॅडल, म्हणजे बॉडीवरचे तारांचे टेकू, खाली केले, की बाराव्याच्या पुढे झणझण सुरू होते. दुसरी शक्यता अशी की नेक बॉडीला जिथे स्क्रूने बसते तिथे टोकाचे फ्रेट वर उचलले गेलेत. पहिली गोष्ट किल्लीने सुटते. दुसरीला फ्रेट घासावे लागतात, तो खर्च धरून भाव करा.

सगळ्यात महत्त्वाचं, ट्रस रॉडचा नट फिरतो का ते विकणाऱ्यासमोरच पाहा. तारा थोड्या सैल करा, बरोबर मापाची ॲलन की लावा, पाव फेरा फक्त. नट जाम असेल किंवा किल्ली आत घसरून फिरत असेल तर नमस्कार करून परत या.

मंद्र

मी पाचतारीच्या बाजूने. कारण साधं आहे, गायकांच्या पट्ट्या.

काळी दोन म्हणजे डी शार्प. चारतारीची सगळ्यात खालची मोकळी तार ई, म्हणजे ४१.२ हर्ट्झ. डी शार्पचा खर्जातला सा ३८.९ हर्ट्झवर येतो, म्हणजे चारतारीच्या अर्धा सूर खाली. बरोबर तुमच्या मुख्य गायकाचा सा तुमच्याकडे नाही! तुम्हाला तो ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर, एक सप्तक वर घ्यावा लागेल. पाचतारीत खाली बी तार असते, ३०.९ हर्ट्झची. तिच्या चौथ्या फ्रेटवर तो सा मिळतो आणि कोरस उचलला की खालून जमीन आल्यासारखं वाटतं. परदेशी गिटारच्या गाण्यांत ई, ए या पट्ट्या खूप असतात, आपल्याकडे गायक काळी एक, काळी दोन सांगतो. आपल्या संगीताला पाचवी तार हवीच.

स्पीकरची_बाजू

मंद्र, हिशोब बरोबर आहे, पण मंडपातल्या स्पीकरचं काय? मी साउंडचं काम करतो. वस्तीतल्या कार्यक्रमाला जे टॉप (सबवूफर सोडून बाकीचे स्पीकर) असतात ते बहुतेक साठ-सत्तर हर्ट्झच्या खाली मान टाकतात. सबवूफर असला तरी चाळीसच्या खाली फारसं काही बाहेर येत नाही. ३८.९ वाजवा, ऐकणाऱ्याला त्याचा दुसरा हार्मोनिक (दुप्पट कंपनांचा उपसूर), ७७.८ च ऐकू येतो. म्हणजे ए तारेचा सहावा फ्रेट! उलट खालची तार दाबून गप्प ठेवली नाही की सगळा मिक्स चिखल होतो आणि गायकाचे शब्द बुडतात. भीमगीतात शब्द बुडले तर कार्यक्रमाला अर्थ राहत नाही. नवशिक्याने चार तारा नीट दाबायला शिकावं.

मंद्र

स्पीकरवरून वाद्य निवडायचं नसतं. स्पीकर प्रत्येक कार्यक्रमाला बदलतो, वाद्य तुमच्याकडे राहतं. सुरेश भट सभागृहात किंवा देशपांडे सभागृहात चांगल्या साउंडवर वाजवायची वेळ आली की तीच तार कामाला येईल. पण न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवण्याबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. पाचतारीवर बी तार वाजत नसताना उजव्या हाताचा अंगठा तिच्यावर टेकलेला हवा.

सदरची_ताई

मी सदरला चर्चमध्ये रविवारी बेस वाजवते. माझे हात लहान आहेत, म्हणून एक वेगळी गोष्ट सांगते. तारांची संख्या राहू दे, नटपाशी (डोक्याकडच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) नेक किती रुंद आहे ते पाहा. फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणली, १९६० मध्ये जॅझ बेस. जॅझची नेक नटपाशी साधारण ३८ मिलिमीटर, प्रिसिजनची त्याहून रुंद. तीन-चार मिलिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, तासभर वाजवल्यावर मनगटाला कळतो. पाचतारीची नेक तर आणखीच रुंद. लांबीही बघा. नेहमीची स्केल (नट ते ब्रिज तारेची लांबी) ३४ इंच असते, ३० इंचाची शॉर्ट स्केलही मिळते आणि ती काही मुलांचं खेळणं नाही.

पांढरी_पाच, सांधे दुखतात म्हणून ते दादा विकतायत ना, त्यांना विचारा की ॲक्शन किती उंच ठेवून वाजवायचे. उंच ॲक्शनवर वर्षानुवर्षं जोर लावला की बोटांना त्रास होतो. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आत ठेवलं की हलक्या हाताने वाजतं.

धरमपेठ_४७

इथे कोणीच कूलर कसा आणला नाही? नागपुरात बेस घेताय मंडळी!

२०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ वर गेला होता. मे महिन्यातल्या दुपारी बाहेरची हवा इतकी कोरडी असते की लाकूड आकसतं. नेक मागे जाते, तारा फ्रेटला चिकटू लागतात आणि फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन हाताला बोचतात. त्याच वेळी घरात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घुमत असतो आणि त्या खोलीतली हवा दमट. तिथे लाकूड फुगतं, नेक पुढे झुकते. तुम्ही बेस कूलरच्या खोलीतून काढून दुपारी गाडीत टाकता, मंडपात नेता, रात्री परत कूलरसमोर. एका दिवसात दोन ऋतू! मग जून संपता संपता पावसाळी दमटपणा येतो तो निराळाच.

मोहननगरची बेस कूलरच्या झोतात भिंतीला टेकवून ठेवलेली असेल, माझी खात्री आहे. लकडगंज म्हणतात ती जास्तीची फट तिथूनच आली असणार. किल्लीने सुधारेल.

माझ्याकडे नियम आहे. बेस कूलरच्या खोलीत नाही. आतल्या खोलीत, केसमध्ये, बाहेरच्या भिंतीपासून लांब. केसमध्ये छोटा हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारा), आणि त्याचा काटा पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांच्या मधे राहील असं पाहायचं. आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बेस ठेवणं हा त्या वाद्यावर अन्याय आहे.

वऱ्हाडी_ठेका

हे मात्र खरं हाय. आमच्या घरी उन्हाळ्यात दरवाजे लागत नाई, पावसाळ्यात उघडत नाई. तं बेसची काय गत!

लकडगंज_कारागीर

धरमपेठ, अगदी बरोबर. म्हणून मी सांगतो, नागपूरकराने ट्रस रॉड फिरवायला स्वतः शिकावं. वर्षातून दोनदा तरी हात लावावा लागतो, एकदा उन्हाळा तापला की आणि एकदा पाऊस स्थिरावला की. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की नेक सरळ होते, उलट फिरवलं की सैल होऊन पुढे येते. पाव फेरा द्या, पुन्हा सुरात लावा, रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी परत मोजा. लाकडाला वेळ द्यावा लागतो.

महाल_वाडा

थोडं विषयांतर. आमच्या महालातल्या जुन्या वाड्याच्या चौकटी काढल्या, अस्सल सागवान आहे. त्यातून बेसची बॉडी करून घ्यावी असं फार मनात आहे. आजोबांच्या घराचं लाकूड वाजताना ऐकायचंय. जमेल का?

लकडगंज_कारागीर

जमेल, आणि करावंच. इतकं जुनं सागवान पूर्ण वाळलेलं असतं, नव्या लाकडासारखं पुढे वाकत नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा. सागवान जड असतं, घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो. बेसच्या बॉडीला नेहमी वापरतात ते आल्डरचं लाकूड बरंच हलकं. म्हणून बॉडी थोडी पातळ ठेवा किंवा आतून पोकळ्या काढा, नाहीतर गळ्यात धोंडा होईल. दुसरं, सागवानात तेल असतं, गोंद धरत नाही. जोड लावायच्या ऐन आधी पृष्ठभाग ताजा रंधून ॲसिटोनने पुसा आणि लगेच जोडा. खिळ्यांची जुनी भोकं आधी तपासा, आत मोडका खिळा राहिला तर राउटरचं (लाकूड कोरायच्या यंत्राचं) पातं जातं. नेक मात्र तयार विकत घ्या. बॉडीत चूक खपते, नेकमध्ये नाही.

महाल_वाडा

मनापासून धन्यवाद. या दिवाळीत सुरुवात करतो. धाग्याच्या मालकाची माफी, गाडी परत मानेवाड्याला वळवा.

सोल्डर_आणि_चहा

पाचतारी ॲक्टिव्ह आहे म्हणता, तर मागचं झाकण उघडायला सांगा. ९ व्होल्टची बॅटरी असेल. तिच्या क्लिपवर हिरवट-पांढरा थर दिसला तर बॅटरी गळलीय आणि आतल्या बोर्डापर्यंत पोचली असू शकते. सगळे नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा. खरखर आली तर बहुतेक कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. केबल घातल्यावर जॅक हलवून पाहा, आवाज तुटला तर जॅकची पत्ती सैल आहे किंवा टाका सुटलाय. तो नव्याने सोल्डर करायला दहा मिनिटं लागतात. ॲक्टिव्ह बेसमध्ये केबल खोचली की बॅटरी सुरू होते, त्यामुळे वाजवून झाल्यावर केबल काढायची सवय लावा.

गुणगुण येत असेल तर तारांना हात लावून बघा. हात लावल्यावर कमी झाली तर आतलं शील्डिंग कमी पडतंय, तांब्याची चिकटपट्टी पोकळीत लावून ती ग्राउंडला जोडली की फरक पडतो. हात लावल्यावर वाढली तर ग्राउंडची वायर कुठेतरी सुटलीय, तिथे आधी लक्ष द्या.

स्पीकरची_बाजू

गुणगुणीवरून जिवाची गोष्ट सांगतो. कृपया सगळ्यांनी नीट वाचा.

मंडपातली वीज कुठून कशी घेतलेली असते हे आपण पाहतो. बेसच्या तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात, म्हणजे तुमची बोटं ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेली आहेत. ॲम्प एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर आणि त्यातल्या एकाला अर्थिंग नाही अशा वेळी तुम्ही तारा धरून माइकला ओठ लावले तर करंट तुमच्यातून जातो. पांढरी_पाच, तुम्ही कोरसही गाता, म्हणून हे तुमच्यासाठीच. कार्यक्रमाआधी टेस्टर तारांना लावा, माइकच्या जाळीला लावा. दिवा पेटला तर वाजवायचं नाही, मग आयोजक कितीही घाई करोत. ॲम्प आणि मिक्सर एकाच अर्थिंगच्या बोर्डावर घ्या.

गुणगुण जावी म्हणून प्लगची जाड अर्थ पिन कापणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. हे कधीही करू नका. त्यासाठी डीआय बॉक्स असतो, बेस आणि मिक्सरच्या मधे जोडायची छोटी डबी. त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण फक्त ऑडिओ केबलचं ग्राउंड तोडतं, विजेचं अर्थिंग जागेवर राहतं.

सदरची_ताई

हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या बँडच्या ग्रुपवर आत्ताच टाकते.

पांढरी_पाच

बापरे, टेस्टर आजच पेटीत टाकला. ॲम्पचं विचारतो, माझा गिटारचा छोटा ॲम्प आहे, तो चालेल का?

सोल्डर_आणि_चहा

घरी हळू आवाजात सरावाला चालेल. आवाज वाढवला की गिटारच्या स्पीकरचा कोन बेसच्या धक्क्याने फाटतो. कार्यक्रमाला ॲम्पची गरजच नाही, डीआय बॉक्समधून थेट मिक्सरला जा आणि मॉनिटरमध्ये स्वतःला ऐका. ढोलकीशेजारी ऐकू येण्याइतका बेसचा ॲम्प तुमच्या बजेटमध्ये बसवायचा तर वाद्यावर पाणी सोडावं लागेल. आधी वाद्य, मग डीआय, ॲम्प सावकाश.

खालची_सम

मंडळी, घेण्यावर इतकं झालं, वाजवण्यावरही थोडं बोलू. मी गेली बरीच वर्षं भजन आणि भीमगीतांना बेस धरतो.

तुमची ढोलकी आणि तुमची बेस एकाच घरात राहणार आहेत. ढोलकीची धुम आणि बेसचा खर्ज एकमेकांच्या अंगावर आले की दोघंही ऐकू येत नाहीत. केहरवा घ्या, धा गे ना ति, न क धि ना. धा वर सा धरा. 'न क' ला ढोलकीचा बाया गप्प असतो, तिथे तुम्हीही तार दाबून गप्प बसा. धि ला पंचमावर जा किंवा परत सा वर या. इतकंच महिनाभर वाजवा. गाणं उभं राहतं ते त्या मधल्या गप्प बसण्यामुळे, हे कानाला पटेपर्यंत दुसरं काही घेऊ नका.

सा-पंचम प्रत्येक ठिकाणी चालत नाही. चालीत पंचम वर्ज्य असेल तर तिथे मध्यमाकडे बघा, नाहीतर गायकाला सूर टोचतो. आणि गायक आलाप घेत असेल तेव्हा एकच सा, लांब, हलका. तानपुऱ्याला जागा द्या.

डाव्या हाताने बेस वाजवणारे कीबोर्डवाले आपल्याकडे फार तयार आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तार बोटाने सुटते तेव्हा प्रत्येक सुराची सुरुवात थोडी वेगळी येते आणि ढोलकीवाला त्यावर टेकतो. हे कीबोर्डवर येत नाही. तुमच्या पार्टीला बेस मिळतेय याचा मला खरंच आनंद आहे.

मंद्र

खालची_सम, शेवटच्या परिच्छेदाला दंडवत. आर. डी. बर्मन यांच्याकडे टोनी वाझ बेस वाजवायचे. जुनी रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐका, तबला-ढोलकी आणि बेस यांनी जागा कशी वाटून घेतलीय ते कळतं. आणि जेम्स जेमर्सन मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीत उजव्या हाताच्या एकाच बोटाने, फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारांवर वाजवायचे. भीमगीतांना फ्लॅटवाउंड फार शोभतात. बोटाची सरसर येत नाही, गोल, दबका आवाज येतो. पण सेट महाग पडतो, म्हणून पहिल्या दिवशी नको.

पांढरी_पाच

मंडळी, काल मोहननगरला जाऊन आलो. लकडगंजकाकांची सगळी तपासणी केली. पीळ नाही. आठव्या फ्रेटवर मात्र कार्ड सहज आरपार गेलं, वर जागा उरली. बेस कूलरसमोरच होती, धरमपेठदादा! पण ट्रस रॉडच्या नटात किल्ली धरतच नाही, आतले कोपरे गोल झालेत. दादांनी स्वतःच किल्ली लावून पाहिली आणि म्हणाले, "बेटा, ही मी तुला देणार नाही, तुझे पैसे अडकतील." चहा पाजला, आणि उलट दर बुधवारी शिकायला ये म्हणाले. बोटं दुखतात तरी तोंडाने शिकवतो म्हणाले.

म्हणजे आता नवी चारतारी. मंद्र, काळी दोनचं काय करू तेवढं सांगा.

मंद्र

असा माणूस शिकवायला मिळाला, याहून काय हवं! काळी दोनसाठी जाड तार ई वरून डी वर उतरवा, एक पूर्ण सूर. पहिल्या फ्रेटवर तुमचा डी शार्प मिळतो, ३८.९ हर्ट्झ, मी पाचतारीत सांगितला तोच. त्या तारेवरचे बाकीचे सगळे सूर दोन फ्रेट पुढे सरकतात, तेवढं बोटांना शिकवा. तार सैल वाटली तर पुढच्या वेळी ०.१०५ इंचाऐवजी ०.११० इंचाची जाड तार घ्या. ताईंच्या काळी पाचला काहीच अडचण नाही, ए तारेचा पहिला फ्रेट किंवा जाड तारेचा आठवा.

स्पीकरची_बाजू

मंद्र, यावर आपलं एकमत! पांढरी_पाच, दुकानातून उचलण्याआधी प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवून पाहा. नवी आहे म्हणून सोडू नका. जी तारेवर पाचव्या-सातव्या फ्रेटच्या मधे एखादा सूर लवकर मरतो का तेही ऐका. तिथे सूर फारच तुटका वाटला तर त्याच मॉडेलची दुसरी मागा.

लकडगंज_कारागीर

आणि घेतल्यावर आठवडाभराने इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागतो का) तपासा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळले पाहिजेत. दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरता आला तर पुढे. ट्रस रॉडच्या नटाची किल्ली बेसबरोबरच मिळते, ती बॅगेच्या बाहेरच्या खणात ठेवा. मापाची किल्ली वापरली तर कोपरे सहसा गोल होत नाहीत.

महाल_वाडा

लकडगंजकाका, त्या मोहननगरच्या बेसची बॉडी, पिकअप (तारेचा आवाज पकडणारे चुंबक) आणि ब्रिज तर चांगले आहेत ना? नेक तेवढी बदलून चालेल का? ते दादा देत असतील तर मी विचारतो.

लकडगंज_कारागीर

चालेल, पण पाचतारीची, त्याच स्केलची आणि बॉडीतल्या खाचेत घट्ट बसणारी नेक हवी. खाचेची रुंदी आणि स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजून मला कळवा, मग नेक शोधू.